स्नॅपच्या आधी कोण हलू शकतो आणि कोण नाही: मोशन, शिफ्ट, फॉल्स स्टार्ट नीट समजून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंचा मुलगा यंदा न्यू जर्सीत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) टीममधून स्लॉट रिसीव्हर, म्हणजे लाईनच्या मागून बॉल घ्यायला धावणारा, खेळतोय. मागच्या मॅचला तो बॉल घेऊन थेट एंड झोनपर्यंत (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथे पोचलं की टचडाऊन म्हणजे गुण) पळाला, सगळे नाचले, आणि मग जमिनीवर पिवळा फ्लॅग, म्हणजे चुकीची खूण, दिसला, रेफरीने एक हात आडवा फिरवला आणि टचडाऊन रद्द. त्याच मॅचमध्ये त्यांच्या टॅकलने (पुढच्या ओळीतल्या एका खेळाडूने) नुसता हात उचलला तर लगेच शिट्टी, ५ यार्ड मागे. आणि समोरच्या टीमचा एक मुलगा प्रत्येक प्लेला अख्खं मैदान आडवं पळत होता, त्याला कोणी काही बोललं नाही. ताई विचारतायत की हा नेमका नियम काय आहे, कधी शिट्टी वाजते आणि कधी प्ले चालू राहतो, आणि मुलाने काय सुधारायचं.

ताई, मी न्यू जर्सीतच १७ सीझन हायस्कूल फुटबॉलला ऑफिशिएट करतोय, शुक्रवारी रात्री व्हार्सिटी (शाळेची मुख्य टीम) आणि सोमवारी दुपारी फ्रेशमन नाहीतर जेव्ही (दुसरी टीम), आणि त्यातले बहुतेक दिवस लाईन जज म्हणून. म्हणजे साईडलाईनवर, बरोबर लाईन ऑफ स्क्रिमेजच्या (बॉल ठेवलेला असतो त्या रेषेच्या) सरळ रेषेत उभा असतो तो माणूस. सांगलीला असताना क्लब क्रिकेटला अंपायरिंग करायचो, तिथे स्क्वेअर लेगला उभं राहून क्रीजकडे बाजूने बघायचं असतं ना, अगदी तेच काम आहे. त्यामुळे तुमच्या मुलावर जो फ्लॅग पडला तसले फ्लॅग मी शेकड्याने टाकलेत, आणि एक चुकीचाही टाकलाय, त्याचं पुढे सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातून आपोआप येतं. बॉल कधी स्नॅप होणार, म्हणजे सेंटर तो जमिनीवरून मागे कधी देणार आणि प्ले कधी सुरू होणार, हे ऑफेन्सच्या (ज्यांच्याकडे बॉल आहे त्या टीमच्या) ११ जणांना माहीत असतं आणि डिफेन्सच्या ११ जणांना माहीत नसतं. हडलमध्ये (प्लेआधी टीम घोळका करते त्यात) क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, सांगतो "ऑन टू", म्हणजे दुसऱ्या "हट"ला बॉल येणार. हा फायदा ऑफेन्सचा हक्काचा आहे, नियमांनीच दिलेला आहे. पण या एका फायद्यावर आणखी दोन फायदे उकळायचे नाहीत. एक म्हणजे बॉल यायच्या आधीच पुढे पळत सुटून वेगात जाऊन समोरच्यावर आदळायचं नाही. आणि दुसरं, बॉल आल्यासारखं खोटं हलून समोरच्याला फसवून आत ओढायचं नाही. स्नॅपच्या आधीच्या हालचालीचे जेवढे म्हणून नियम आहेत ते या दोनपैकी कशाला तरी अडवायला आहेत.

आपल्याकडे खो-खोत बसलेला खेळाडू खो मिळायच्या आधी उठला तर फाऊल असतो, कारण तो अर्धं पाऊल आधी मिळालं की पळणाऱ्याला संधीच राहत नाही. लाईनमनचं, म्हणजे लाईनवर समोरच्याच्या तोंडासमोर उभे असतात त्यांचं, तसंच समजा.

हे नियम कोणी टेबलावर बसून उगाच काढलेले नाहीत, मुलं जखमी होऊन, मरून आलेले नियम आहेत. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध फ्लाइंग वेज नावाचा डाव काढला, दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला खेळाडूंचे दोन गट लांबून तिरके पळत आले, पाचराच्या आकारात एकत्र आले आणि त्या वेगात येलच्या एका बाजूवर जाऊन धडकले. तेव्हा ना धड हेल्मेट ना पॅड. १८९४ ला तो प्रकार बंद केला, पण कोचेसनी दुसरे मार्ग शोधले, लाईनमनना मागे उभं करायचं आणि स्नॅपच्या आधीच पळवत आणायचं, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा गार्ड्स बॅक हा त्यातलाच. १९०५ पर्यंत इतकी मुलं दगावली की प्रेसिडेंट रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून घेतलं, आणि १९०६ च्या नियमांत फॉरवर्ड पास आला, दोन टीमच्या मध्ये न्यूट्रल झोन आला.

त्यानंतर शिफ्टचा जमाना आला. नोत्र दामचा कोच न्यूट रॉकनी याचे चार बॅक (लाईनच्या मागचे खेळाडू) तालात एकदम उडी मारून जागा बदलायचे आणि पाय जमिनीवर टेकतायत न टेकतायत तोवर बॉल स्नॅप व्हायचा, म्हणजे थांबल्यासारखं दिसायचं पण अंगातला वेग तसाच असायचा. १९२० च्या दशकात नियम बनवणाऱ्यांनी हे टप्प्याटप्प्याने आवळलं, आधी म्हणाले पूर्ण थांबा, मग म्हणाले पूर्ण एक सेकंद थांबा. रॉकनीला ते अजिबात पटलं नव्हतं आणि त्याने ते उघड बोलूनही दाखवलं होतं. पण माझ्या मते नियम बनवणारे बरोबर होते. आज मी साईडलाईनवर मनात "वन थाउजंड वन" मोजतो तो सेकंद तिथून आलाय.

आता आजचा नियम, हायस्कूलचा. न्यू जर्सीत राष्ट्रीय हायस्कूल फेडरेशनचे नियम चालतात, टीव्हीवरचे नाहीत, हे लक्षात ठेवा कारण घरी भांडणं इथेच होतात.

हडल मोडून टीम लाईनवर आली की सगळ्या ११ जणांनी एकाच वेळी पूर्ण एक सेकंद स्थिर असायला पाहिजे. एकाच वेळी, हा शब्द महत्त्वाचा. दहा जण कधीचे स्थिर आहेत आणि अकरावा अजून पाय लावतोय तर सेकंद सुरूच झालेला नाही. तो सेकंद झाला की मग एक, फक्त एक खेळाडू स्नॅपच्या क्षणी हलत असला तर चालतं, आणि तोही पुढे म्हणजे समोरच्या एंड झोनकडे नाही, आडवा किंवा मागे. हे झालं मोशन. समोरच्या टीमचा जो मुलगा दर प्लेला आडवा पळत होता तो हेच करत होता आणि बरोबर करत होता. कितीही जोरात पळू दे, आडव्या वेगाने समोरचा माणूस चिरडला जात नाही म्हणून परवानगी आहे.

दोन किंवा जास्त जण हलले, किंवा एकजण हलून नव्या जागी जाऊन थांबला, तर ती शिफ्ट. शिफ्ट कितीही वेळा करा, क्वार्टरबॅकसुद्धा इकडचा तिकडे गेला तरी चालेल, फक्त शेवटी पुन्हा सगळे ११ एकदम एक सेकंद थांबले पाहिजेत. नाही थांबले आणि स्नॅप झाला की इल्लीगल शिफ्ट.

फ्रेशमन लेव्हलला मी सगळ्यात जास्त कुठला फ्लॅग टाकत असेन तर तो हाच, आणि तो असा घडतो बघा. टीम हडलमधून येते, उजवीकडचा रिसीव्हर लांब आहे म्हणून तो अजून जागेवर पोचतोय, आणि डावीकडच्या स्लॉटला कोचने सांगितलंय की क्वार्टरबॅकने पाय उचलला की निघ. क्वार्टरबॅक घाईत पाय उचलतो, स्लॉट निघतो, तिकडचा अजून थांबलेला नाही. म्हणजे अकरा जण एकत्र एक सेकंद कधी थांबलेच नाहीत. स्लॉटने स्वतः काही चुकीचं केलं नाही, तरी प्ले गेला. आईवडिलांना स्टँडमधून यातलं काहीही दिसत नाही, त्यांना दिसतं ते एवढंच की आपला पोरगा चांगला पळाला आणि फ्लॅग पडला.

आता शिट्टी कधी आणि प्ले चालू कधी. फॉल्स स्टार्ट, म्हणजे स्नॅपच्या आधीची फसवी हालचाल, झाला की ताबडतोब शिट्टी, बॉल डेड, प्ले झालाच नाही असं धरायचं, ५ यार्ड मागे आणि तोच डाऊन (पुढे सरकायची तीच संधी) परत. कारण लाईनमन फसवा हलला की समोरचा मुलगा त्यावर झेपावणार, आणि मग प्ले चालू ठेवला तर कोणीतरी बेसावध असताना मार खाणार. इल्लीगल मोशन, इल्लीगल शिफ्ट आणि इल्लीगल फॉर्मेशन (खेळाडू चुकीच्या जागी उभे असणं) हे मात्र स्नॅपच्या क्षणी घडतात, त्याआधी ती चूक नसतेच. मुलगा पुढे वळला पण स्नॅपच्या आधी परत थांबून सेकंदभर उभा राहिला तर चूक उरलीच नाही. म्हणून आम्ही फ्लॅग टाकतो आणि प्ले पूर्ण होऊ देतो, कारण त्यात डिफेन्सने इंटरसेप्शन केलं असेल, म्हणजे पास मधेच पकडला असेल, किंवा ऑफेन्सला ८ यार्ड मागे पाडलं असेल तर डिफेन्स म्हणेल की आम्हाला तुमची ५ यार्डची पेनल्टी नको, झालं ते राहू दे. तो निवडीचा हक्क त्यांचा आहे. म्हणजे टचडाऊन होऊन रद्द झाला तर तो फॉल्स स्टार्ट असूच शकत नाही, फॉल्स स्टार्टला टचडाऊनपर्यंत कोणी पोचतच नाही.

स्टँडमधून ओळखायचं असेल तर रेफरीचे हात बघा. दोन्ही हात छातीसमोर एकमेकांभोवती गोल फिरवले की फॉल्स स्टार्ट नाहीतर इल्लीगल फॉर्मेशन. एक हात आडवा बाजूला नेला की इल्लीगल मोशन. दोन्ही हात तसेच नेले की इल्लीगल शिफ्ट. तुम्ही लिहिलंय की एक हात फिरवला, म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत ती मोशनचीच चूक होती, सेकंदाची नाही. त्याकडे येतो.

त्याआधी तुमच्या त्या टॅकलचं. त्याला एवढा कडक नियम का. सेंटर आणि लाईनच्या टोकाचा खेळाडू यांच्यामध्ये जे उभे असतात, गार्ड आणि टॅकल, त्यांनी एकदा हात जमिनीला लावला, किंवा जमिनीच्या जवळ म्हणजे गुडघ्याच्या खाली नेला, की मग तो हात उचलायचा नाही आणि कुठलीही झटक्याची हालचाल करायची नाही. शिफ्ट म्हणूनसुद्धा नाही. समोरचा डिफेन्सिव्ह लाईनमन फक्त बॉलच्या लांबीएवढ्या अंतरावर असतो, म्हणजे साधारण ११ इंच. तो चेहऱ्याकडे बघत नाही, तो त्या हाताकडे आणि खांद्याकडे बघतो, हात उचलला की निघायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. १५ यार्डांवर उभ्या असलेल्या रिसीव्हरने मान वळवली, हातमोजा ओढला, पाय नीट केला तर कोणी फसत नाही, म्हणून त्याला सूट. जो सगळ्यात जास्त फसवू शकतो त्याला सगळ्यात कमी मोकळीक.

पण हात जमिनीला लावायच्या आधी, नुसते हात मांडीवर ठेवून उभे असताना, हेच लाईनमन आरामात इकडेतिकडे सरकू शकतात, हळू. पाहिलं असेल तुम्ही, अख्खी लाईन उभी असते आणि मग एकदम खाली जाते. ते चालतं, फक्त त्यात झटका नको आणि खाली गेल्यावर सेकंदभर थांबा. एकदा एका कोचने मला विचारलं की आम्ही सगळे एकदम जोरात खाली जातो, तालात, त्यात काय चूक. मी त्याला म्हटलं, तुम्ही ते थर्ड अँड थ्रीलाच (तिसरा डाऊन, तीन यार्ड बाकी) का करता मग, पहिल्या डाऊनला का नाही. ते डिफेन्सला आत ओढण्यासाठीच होतं, आणि डिफेन्सने झेप घ्यावी म्हणून मुद्दाम केलेली कुठलीही हालचाल फॉल्स स्टार्टच असते.

आवाजाला मात्र बंदी नाही. क्वार्टरबॅकने एकदम मोठ्याने "हट" म्हटलं, मधेच लय बदलली, त्याला हार्ड काउंट म्हणतात आणि ते पूर्ण कायदेशीर आहे, एनएफएलमध्ये (टीव्हीवरच्या व्यावसायिक लीगमध्ये) अ‍ॅरन रॉजर्स त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण आवाजासोबत डोकं किंवा खांदे झटकले तर फ्लॅग. आणि उलट बाजूने, डिफेन्सच्या मुलाने क्वार्टरबॅकसारखा आवाज काढून ऑफेन्सला हलवलं तर हायस्कूलला ते खेळाडूवृत्तीविरुद्ध वर्तन धरतात, १५ यार्ड. हे फार पालकांना माहीत नसतं. असं होताना तुमच्या मुलाला ऐकू आलं तर त्याने स्वतः वाद घालू नये, कॅप्टनने येऊन शांतपणे सांगावं, आम्ही पुढच्या प्लेला कान देऊन ऐकतो.

आता माझी चूक. तिसरा सीझन होता माझा, व्हार्सिटीची मॅच, चौथा क्वार्टर, घरच्या टीमचा स्लॉट माझ्या बाजूने मोशनमध्ये निघाला. बॉल स्नॅप झाला त्या क्षणी मला दिसलं की त्याचे खांदे आणि डोकं पुढे वळलेत आणि मी फ्लॅग टाकला. पोरगा ६० यार्ड पळून टचडाऊन करून आला आणि माझ्या फ्लॅगमुळे तो रद्द झाला. सोमवारी आम्ही क्रूमधले सगळे व्हिडिओ बघायला बसलो आणि फ्रेम थांबवली तर त्याचे दोन्ही पाय यार्ड लाईनला समांतर, कंबर समांतर, फक्त वरचं अंग वळलेलं, बॉल हातात घ्यायला. तो पूर्ण कायदेशीर होता. सीनियर मुलगा होता आणि त्याची घरच्या मैदानावरची ती शेवटची मॅच होती. ती गोष्ट मला अजूनही टोचते. तेव्हापासून मी मोशनवाल्याचे खांदे बघतच नाही, फक्त बूट आणि कंबर. बुटाचा पुढचा भाग समोरच्या गोलकडे वळून त्यावर वजन पडलं असेल तरच तो पुढे चाललाय. नवीन ऑफिशियल्सना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, शंका असेल तर फ्लॅग खिशात.

तुमच्या मुलाने काय केलं असेल याच्या दोन शक्यता आहेत.

पहिली आणि नेहमीची: तो जेट स्वीप होता. स्लॉट जोरात आडवा येतो, क्वार्टरबॅकच्या समोरून जाताना बॉल घेतो आणि वळून पुढे पळतो. मुलं उत्साहात स्नॅपच्या अर्धं पाऊल आधीच वळतात, धाव वक्र होते आणि स्नॅपच्या क्षणी पाय पुढे चाललेला असतो. यात मुलाची चूक निम्मी आणि सेंटरची निम्मी असते, कारण स्नॅप उशिरा आला तर पोरगा ठरलेल्या जागेच्या पुढे गेलेला असतो.

दुसरी शक्यता कमी लोकांना माहीत असते. मोशनला निघणारा खेळाडू बॅक असायला पाहिजे, म्हणजे जवळच्या लाईनमनच्या कमरेच्या रेषेच्या स्पष्ट मागे उभा. जो लाईनवरच उभा आहे त्याला मोशनला जायचं असेल तर त्याने आधी मागे येऊन एक सेकंद थांबून बॅक व्हायचं, नाहीतर स्नॅपच्या वेळी लाईनपासून किमान ५ यार्ड मागे असायचं. फ्रेशमन मुलं नेमकी मधे उभी राहतात, ना धड लाईनवर ना धड मागे, आणि तिथून निघतात.

यावर उपाय फुकटचा आहे आणि आम्ही तो द्यायला तयारच असतो. तुमच्या मुलाने साईडलाईनवरच्या ऑफिशियलकडे बघायचं आणि हाताने विचारायचं, मी मागे आहे ना. आम्ही "तू लाईनवर आहेस, तू मागे आहेस" असं कोचिंग करत बसत नाही पण मैदानावर एक खूण असते. आमच्या बाजूचा सगळ्यात बाहेरचा रिसीव्हर लाईनच्या मागे असेल तर आम्ही आमचा हात ऑफेन्सच्या मागच्या दिशेने आडवा लांब करून धरतो. ती खूण समोरच्या साईडलाईनवरच्या ऑफिशियलसाठी असते, दोघांनी मिळून बॅक मोजायचे असतात म्हणून, चारपेक्षा जास्त बॅक झाले की इल्लीगल फॉर्मेशन. पण हुशार रिसीव्हर ती खूण वाचतो. हात मागे दिसतोय म्हणजे आपण मागे धरले गेलोय. लाईनवर असायला हवं होतं आणि हात मागे दिसला तर अर्धं पाऊल पुढे जाऊन पुन्हा सेकंदभर थांबायला वेळ असतो.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये एनएफएलच्या चीफ्स आणि बिल्सच्या मॅचमध्ये याच गोष्टीवरून केवढा गदारोळ झाला. चीफ्सच्या केल्सीने पास पकडून मागे आपल्याच टोनीकडे फेकला, टोनी एंड झोनमध्ये, चीफ्सना आघाडी मिळाली असती, आणि टोनीचा पाय स्नॅपला लाईनच्या पुढे होता म्हणून ऑफेन्सिव्ह ऑफसाईड. बिल्सनी मॅच २०-१७ ने जिंकली. लोक ऑफिशियल्सवर तुटून पडले, पण फोटो बघा, पाय स्पष्ट पुढे आहे. लाईनवरच्या माणसाकडे एक नजर टाकली असती तर कदाचित टळलं असतं. हायस्कूलला हेच घडलं तर प्ले चालूच होत नाही. सेंटरने बॉलवर हात ठेवल्यावर न्यूट्रल झोनमध्ये कोणीही आला, ऑफेन्सचा किंवा डिफेन्सचा, की एन्क्रोचमेंट आणि ताबडतोब शिट्टी.

टीव्ही आणि शाळा यातला मोठा फरक तोच. एनएफएल आणि कॉलेजमध्ये डिफेन्सचा खेळाडू चुकून आत आला, कोणाला लागला नाही आणि स्नॅपच्या आधी परत गेला तर चालतं, आणि जर परत जायच्या आधी स्नॅप झाला तर प्ले चालू राहतो, क्वार्टरबॅकला फुकटचा लांब पास टाकून बघता येतो. तुमचा मुलगा टीव्हीवर बघून तसं काही करायला गेला तर शाळेच्या मैदानावर त्याला शिट्टीच ऐकू येईल. फॉर्मेशनमध्येही फरक आहे, एनएफएलला लाईनवर किमान ७ जण लागतात, हायस्कूलला २०१९ पासून लाईनवर किमान ५ आणि मागे जास्तीत जास्त ४ असं मोजतात. ऐकायला वेगळं वाटतं पण त्याचा उपयोग तेव्हा होतो जेव्हा टीम चुकून १० जणांनीच मैदानावर येते, जुन्या नियमात त्यांना एकाच चुकीची दोनदा शिक्षा व्हायची.

आणि कॅनडाची गोष्टच वेगळी. माझा भाचा मिसिसागाला असतो, तो पहिल्यांदा इकडे मॅच बघायला आला तेव्हा म्हणाला मामा, हे सगळे असे खिळल्यासारखे का उभे आहेत. सीएफएलमध्ये मागचे खेळाडू एकाच वेळी कितीही हलू शकतात, पुढेसुद्धा, लाईनकडे पळत येऊन बरोबर स्नॅपला लाईनवर पोचतात, त्याला वॅगल म्हणतात. पण तिथे डिफेन्स बॉलपासून पूर्ण एक यार्ड लांब उभा असतो आणि डाऊन तीनच. म्हणजे एका बाजूला मोकळीक दिली तर दुसऱ्या बाजूला भरपाई केली आहे. बघताना सुंदर दिसतं खरं, पण लाईन जज म्हणून मला विचाराल तर पाच जण एकदम अंगावर येताना कोणाचा पाय रेषेला आधी लागला हे बघणं फार कठीण काम असणार.

कठीण म्हटल्यावर टश पुशचं सांगायलाच हवं, कारण यावर मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं. एनएफएलची ईगल्स टीम, त्यांना एक यार्ड हवा असताना सगळ्यांना जवळ घेऊन क्वार्टरबॅकला मागून ढकलतात. तो प्ले बंद करावा म्हणून २०२५ च्या मे महिन्यात एनएफएलच्या मालकांनी मत दिलं, २२ बंदीच्या बाजूने, १० विरुद्ध, २४ लागत होती म्हणून राहिला. त्याच सप्टेंबरात चीफ्सविरुद्धच्या मॅचमध्ये ईगल्सचे गार्ड स्नॅपच्या आधी हलताना व्हिडिओत दिसले आणि फ्लॅग पडला नाही. मी त्या ऑफिशियल्सच्या बाजूने एवढंच सांगेन की बाजूने उभं राहिलं की त्या प्लेला तुम्हाला पाठींचा आणि हेल्मेटचा एक ढीग दिसतो, बॉल दिसतच नाही. बॉल हलला की गार्ड हलला हे ठरवायला दोन्ही एकाच नजरेत यायला पाहिजेत आणि तिथे ते येत नाहीत. पण नियम सोपा आहे, गार्ड आधी हलला तर फॉल्स स्टार्ट, प्ले कितीही लोकप्रिय असो. आणि वरची ती वेगवाली गोष्ट आठवा, एक यार्डासाठी अर्धा इंच आधी निघणं म्हणजे सगळा फायदा तिथेच आहे.

आता घरी काय करायचं ते. ड्राइव्हवेवर खडूने एक लांब आडवी रेष काढा. मुलाला तिच्यावरून पळायला सांगा, पूर्ण वेगात नाही, तीन चतुर्थांश, आणि तुम्ही किंवा त्याचे बाबा पाठ करून उभे राहा आणि मनात येईल तेव्हा "हट" म्हणा, कधी लवकर कधी मुद्दाम उशिरा. हट ऐकू आलं त्या क्षणी त्याचा पाय रेषेवर आहे की रेषेच्या पुढे गेलाय ते फोनवर व्हिडिओ काढून बघा. उशिराच्या हटला बहुतेक मुलं वळून गेलेली असतात. तेव्हा त्याला वेग कमी करायला शिकवा, मोशनमध्ये मंदावणं चालतं, वळणं चालत नाही, आणि पूर्ण थांबला तर ती शिफ्ट झाली, मग पुन्हा सगळ्यांचा एक सेकंद. आणि बॉल सेंटरच्या हातातून सुटलेला दिसेपर्यंत बूट वळवायचा नाही. दिवसाला दहा वेळा, दोन आठवडे, एवढ्यात अंगवळणी पडतं.

दुसरं, निघायच्या आधी त्याने लांबच्या बाजूच्या रिसीव्हरकडे एकदा बघायचं. तो थांबला नसेल तर क्वार्टरबॅकने पाय उचलला तरी निघायचं नाही, उलट हात वर करून त्याला थांबवायचं. कोच ओरडेल कदाचित, ओरडू दे, ५ यार्ड वाचले. आणि कोचलाही एकदा विचारा की मोशनची खूण देण्याआधी क्वार्टरबॅक दोन्ही बाजूंना मान फिरवून बघतो का. मी ज्या टीम्सच्या मॅचेसना उभा असतो त्यातल्या ज्यांचा क्वार्टरबॅक ते करतो त्यांच्यावर मला शिफ्टचा फ्लॅग क्वचितच टाकावा लागतो.

मॅचच्या आधी वॉर्मअपला आम्ही साईडलाईनवर उभे असतो, तेव्हा त्याने सरळ येऊन विचारावं, सर मी इथे उभा राहिलो तर मागे आहे का. सांगतो आम्ही, कुठल्याही टीमच्या मुलाला सांगतो. बॉल ठेवून, त्याला उभं करून, जवळच्या लाईनमनच्या कमरेपासून त्याच्या हेल्मेटपर्यंत हात लावून दाखवतो की एवढं अंतर हवं.